गल्ला आणि नफा : रस्त्याकाठच्या शेतमाल विक्रीचे अर्थकारण

पुण्याहून दिवे घाट चढून सासवडकडे आणि तेथून जेजुरीकडे जाणाऱ्या प्रवाशाला हंगामात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फळांच्या टोपल्या मांडलेल्या दिसतात. पावसाळा सरत आला की सीताफळे, उन्हाळ्याच्या तोंडावर अंजीर, अधूनमधून पेरू आणि हिरवा वाटाणा. चार बांबू, वर ताडपत्री, पुढे एक फळकूट आणि बाजूला तराजू एवढेच त्या दुकानाचे भांडवल. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवर स्ट्रॉबेरीच्या, तर डहाणू-घोलवड परिसरात चिकूच्या अशाच टोपल्या असतात. देशाच्या इतर प्रांतांतही हे दृश्य नवे नाही. जेथे शेत आणि रहदारीचा रस्ता एकमेकांजवळ येतात, तेथे अशी विक्री आपोआप उभी राहते.

या विक्रीविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. मध्यस्थ वगळला की सगळा नफा शेतकऱ्याच्या पदरात पडतो, असे एक मत. दिवसभर उन्हात बसून हाती काहीच लागत नाही, त्यापेक्षा बाजार समितीत माल घालून मोकळे व्हावे, असे दुसरे. अनुभव दोहोंना थोडा थोडा दुजोरा देतो. एकाच रस्त्यावर, एकाच भावाने, एकच फळ विकणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकाच्या खात्यात हंगामाअखेर शिल्लक राहते आणि दुसऱ्याच्या राहत नाही, असे का होते, याचा विचार या लेखात केला आहे.

थेट विक्रीची पार्श्वभूमी

उत्पादकाने ग्राहकाला थेट माल विकावा, ही कल्पना आपल्या देशात अनेक राज्यांनी आपापल्या परीने राबविली. पंजाबात १९८७ मध्ये ‘अपनी मंडी’ सुरू झाली. १९९९ मध्ये आंध्र प्रदेशात ‘रयतु बाजार’ आणि तमिळनाडूत ‘उळवर संदै’ उभे राहिले. महाराष्ट्रात १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्यानुसार शेतमालाची घाऊक खरेदी-विक्री बाजार समित्यांच्या नियमनाखाली होत असे. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने बाजार आवाराबाहेरील फळे व भाजीपाला या नियमनातून मुक्त केला आणि अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून न कापता खरेदीदाराकडून घेण्याची तरतूद केली. त्याच वर्षी शहरांमधून संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार भरू लागले.

या बदलांमुळे शेतकऱ्यापुढे पर्याय वाढले. परंतु पर्याय वाढला म्हणजे उत्पन्न वाढलेच, असे नव्हे. बाजार समितीत माल उतरविल्यावर त्या दिवसाचा व्यवहार संपतो. भाव कमी असेल, पण माल परत घरी येत नाही. रस्त्यावरच्या विक्रीत भाव चढा असतो, पण न विकलेल्या मालाचा भार विक्रेत्यावरच राहतो. व्यापाऱ्याचा नफा स्वतःकडे घेताना त्याची जोखीमही आपल्याकडे येते. बहुतेकांच्या हिशेबात हीच गोष्ट सुटते.

गल्ला म्हणजे नफा नव्हे

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका कुटुंबाने एका दिवशी १०० किलो सीताफळ काढले. ते बाजार समितीत पाठविले असते, तर वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता किलोला ४० रुपये, म्हणजे एकूण ४,००० रुपये हाती आले असते. त्याऐवजी सगळा माल रस्त्यावर मांडला. भाव ८० रुपये. संध्याकाळपर्यंत ७० किलो विकला गेला, त्याचे ५,६०० रुपये झाले. उरलेल्या ३० किलोपैकी निम्मा माल अंधार पडताना ३० रुपये भावाने काढून टाकला, त्याचे ४५० रुपये आले. बाकीचा १५ किलो मऊ पडून वाया गेला. दिवसाचा गल्ला ६,०५० रुपये.

आता खर्च पाहू. शेतातून रस्त्यापर्यंतचे वाहनभाडे ३०० रुपये, पिशव्या व कागद १५० रुपये, चहापाणी व किरकोळ खर्च १०० रुपये आणि दिवसभर बसणाऱ्या दोन माणसांची मजुरी प्रत्येकी ५०० प्रमाणे १,००० रुपये. एकूण १,५५० रुपये. तो वजा जाता ४,५०० रुपये उरतात. बाजार समितीच्या तुलनेत लाभ अवघा ५०० रुपयांचा. गल्ल्याकडे पाहून जे २,००० रुपये जास्त मिळाल्याचे समाधान वाटत होते, त्यातील तीन चतुर्थांश केवळ आभास होता.

दुसऱ्या दिवशी त्याच कुटुंबाने रस्त्यावर फक्त ७५ किलो माल आणला आणि २५ किलो सकाळीच बाजार समितीकडे रवाना केला, असे धरू. त्या २५ किलोचे १,००० रुपये आले. रस्त्यावर ७० किलो पूर्ण भावाने विकला गेला, त्याचे ५,६०० रुपये. उरलेल्या पाचपैकी ३ किलो ३० रुपयांनी गेला, त्याचे ९० रुपये, आणि २ किलो वाया गेला. एकूण ६,६९० रुपये. तोच १,५५० रुपयांचा खर्च वजा करता ५,१४० रुपये उरतात. म्हणजे बाजार समितीपेक्षा १,१४० रुपये अधिक. भाव एका रुपयानेही वाढविला नाही, गिऱ्हाईकही एकाने वाढले नाही. तरीही लाभ दुपटीहून अधिक झाला. फरक पडला तो केवळ संध्याकाळी टोपलीत काय उरले, यामुळे.

लहान विक्रीकेंद्राचा नफा वाढविण्याचा पहिला मार्ग म्हणूनच भाववाढीचा किंवा सजावटीचा नाही. उरणारा माल कमी करण्याचा आहे.

वहीचे तीन रकाने

किती माल विकला जाईल, हे सकाळी कोणालाच नेमके सांगता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि अंदाज आणि अंधार यांत फरक आहे. अंदाज बांधण्यासाठी एक साधी वही पुरेशी असते. तिच्यात रोज तीन आकडे लिहावेत : आणला किती, पूर्ण भावाने विकला किती, उरला किती. शेजारी वार, तिथी आणि हवामान यांची नोंद ठेवावी. बहुतेक विक्रेते फक्त विक्रीची रक्कम लक्षात ठेवतात. तिसरा रकाना, म्हणजे ‘उरला’, कोणी लिहीत नाही, कारण तो लिहिताना वाईट वाटते. खरी शिकवण मात्र त्याच रकान्यात असते.

सासवड-जेजुरी मार्गाचेच उदाहरण पाहू. येथील रहदारीला स्वतःचे पंचांग आहे. रविवारी जेजुरीला जाणाऱ्या भाविकांची गर्दी असते. सोमवती अमावास्येला आणि मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला ती कितीतरी पटींनी वाढते. पुरंदर किल्ला, नारायणपूर, केतकावळे येथे जाणारे पर्यटक सुट्टीच्या दिवशी अधिक असतात. आषाढी वारीच्या वेळी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाटातून सासवडला येते, तेव्हा रस्ता माणसांनी फुलतो, पण तो ग्राहक पायी चालणारा असतो. तो पाच किलोची करंडी घेणार नाही, हातात मावेल एवढेच फळ घेईल. मंगळवार-बुधवारचा गिऱ्हाईक बहुधा रोजचा प्रवासी असतो. तो भाव ओळखतो आणि माल चांगला असेल तर पुन्हा थांबतो.

दोन हंगामांची वही हाताशी असली, तर कोणत्या वारी किती कॅरेट उतरवायचे आणि किती बाजाराला पाठवायचे, याचा निर्णय बऱ्याच अंशी बिनचूक होतो. ज्या दिवशी विक्री मजुरीचाही खर्च भरून काढत नाही, ते दिवसही वहीत दिसू लागतात. अशा दिवशी केंद्र बंद ठेवणे हाच फायद्याचा निर्णय असतो. ‘बसलोच आहोत तर बसू’ हा विचार सर्वांत महाग पडतो.

प्रतवारी आणि विश्वास

दुसरा मार्ग प्रतवारीचा. एकाच टोपलीत लहान-मोठी फळे मिसळली की गिऱ्हाईक निवडून घेऊ लागतो. तो दाबून पाहतो, मोठी फळे नेतो आणि मागे राहिलेला माल दुपारपर्यंत निम्म्या भावाचा होतो. सकाळीच तीन प्रती वेगळ्या केल्या आणि प्रत्येकीवर भावाची पाटी लावली, तर घासाघीस कमी होते आणि हाताळणीने होणारी नासाडीही थांबते.

सीताफळाच्या बाबतीत आकाराइतकेच पक्वतेला महत्त्व आहे. खवल्यांमधील भेगा रुंदावून पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्या की फळ काढणीस तयार झाले, असे समजतात. काढल्यानंतर साधारण तीन-चार दिवसांत ते पिकते. म्हणून ‘आज खाण्याचे’, ‘उद्याचे’ आणि ‘परवाचे’ असे तीन ढीग करणे विशेष उपयुक्त ठरते. मुंबईला परतणारा प्रवासी आजच पिकलेले फळ नेण्यास कचरतो, कारण वाटेत त्याचा लगदा होण्याची भीती असते. त्याला ‘परवाचा’ ढीग दाखविला की तो निःशंकपणे दोन किलो अधिक घेतो. विक्रेत्यालाही कडक फळ पिकेपर्यंत ठेवून घेण्याची गरज उरत नाही. घरी गेल्यावर सीताफळ लगेच शीतकपाटात ठेवू नये, थंडीने साल काळी पडते, एवढी सूचना सोबत दिली तर तक्रारही टळते.

विश्वासाचा प्रश्न येथेच येतो. वर टपोरी आणि तळाशी डागी फळे भरलेली पेटी एकदाच विकली जाते. रस्त्यावरचे गिऱ्हाईक पुन्हा भेटणार नाही, असे समजणे चूक आहे. देवदर्शनाला जाणारे कुटुंब वर्षानुवर्षे त्याच वाटेने जाते. वैधमापन विभागाकडून मुदतीत पडताळून शिक्का मारून घेतलेला तराजू गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवावा. कायद्याने तो बंधनकारक आहेच, शिवाय त्यासारखी जाहिरात नाही. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाचा व्यापारी वापर करण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. दुसरीकडचा माल त्या नावाने विकणारा विक्रेता कायदा तर मोडतोच, पण शेजाऱ्यांनी मिळून कमावलेल्या नावालाही बट्टा लावतो.

माल टिकविण्याचे साधे उपाय

फळे-भाज्यांचे आयुष्य शेतातच ठरू लागते. भर दुपारी तोडलेला माल उन्हाची धग सोबत घेऊन येतो. पहाटे काढणी करून सावलीत ठेवलेला माल त्याच दिवशी संध्याकाळी कितीतरी ताजा दिसतो. अंजीर तर अत्यंत नाजूक. पिकलेले अंजीर शक्यतो त्याच दिवशी विकले जावे, म्हणून त्याची तोडणी अपेक्षित विक्रीएवढीच करावी. पाने अंथरलेल्या उथळ करंडीत एकावर एक फार थर न देता ते मांडण्याची जुनी रीत शास्त्राला धरूनच आहे.

पालेभाज्या, वाटाणा, टोमॅटो यांसाठी विजेशिवाय चालणारा शीतकक्ष उपयोगी पडतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या या कक्षाची रचना अगदी सोपी आहे. विटांच्या दोन भिंती, त्यांत सुमारे साडेसात सेंटिमीटरची पोकळी, पोकळीत वाळू आणि वर वाळ्याचे किंवा गवताचे झाकण. वाळू व विटा सकाळ-संध्याकाळ पाण्याने भिजवायच्या. पाण्याच्या बाष्पीभवनाने आतील तापमान उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंश सेल्सिअसने कमी राहू शकते आणि हवेत ओलावा टिकतो. साधारण १०० किलो माल मावणारा कक्ष गावातील गवंडीही बांधू शकतो. मात्र हा उपाय कोरड्या उन्हाळ्यातला आहे. दमट पावसाळी हवेत त्याचा गुण फारसा येत नाही.

उरलेल्या मालावर प्रक्रिया करावी, असा सल्ला नेहमी दिला जातो. तो चांगला आहे, पण घाईने घेण्याचा नाही. सीताफळाचा गर काढून ठेवायचा तर अतिशीत साठवण लागते. त्यासाठी अखंड वीज, स्वच्छ जागा आणि वर्षभराचा खरेदीदार हवा. ताजे फळ विकणे आणि बाटलीबंद पदार्थ विकणे हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. दुसऱ्यासाठी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आवश्यक ठरते. पहिल्याच हंगामात कर्ज काढून यंत्र घेण्याऐवजी आधी दोन हंगामांच्या वहीतील ‘उरला’ हा रकाना पाहावा. उरलेला माल नियमित आणि पुरेसा असेल, तरच प्रक्रियेचे यंत्र पोसले जाईल. योग्य नियोजनाने तो रकानाच आटला, तर यंत्राची गरजही उरत नाही.

जागा आणि जोडमाल

जागेची निवडही उत्पन्नावर परिणाम करते. घाटाच्या उतारावर किंवा वळणावर मांडलेल्या टोपल्या कितीही सुबक असल्या, तरी वाहन थांबू शकत नाही आणि थांबलेच तर अपघाताचा धोका असतो. वाहनचालकाला केंद्र दुरून दिसावे, वेग कमी करायला वेळ मिळावा आणि रस्त्याच्या बाहेर दोन-चार गाड्या उभ्या राहतील एवढी जागा असावी. राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनीवर परवानगीशिवाय बसता येत नाही. स्वतःचे किंवा भाड्याने घेतलेले रस्त्यालगतचे शेत हीच सर्वांत निर्धोक जागा होय.

एकाच फळावर अवलंबून असलेले केंद्र हंगाम संपताच बंद पडते आणि गिऱ्हाईक दुसरी वाट धरते. सीताफळ, अंजीर, पेरू, वाटाणा, लिंबू, शेवगा यांची साखळी जुळविली तर वर्षातील अधिक महिने केंद्र चालू राहते. सगळे एका कुटुंबाच्या शेतात पिकेलच असे नाही. चार-पाच शेजाऱ्यांनी एकत्र येऊन पाळीपाळीने बसण्याची पद्धत ठेवली, तर मजुरीचा खर्च विभागला जातो. ज्याचा माल, त्याचे वजन सकाळी वहीत लिहून घ्यावे आणि हिशेब त्याच संध्याकाळी पुरा करावा. भागीदारीतील भांडणे बहुधा उद्यावर टाकलेल्या हिशेबातून उगवतात.

बसणाऱ्या हातांचे मोल

वरील उदाहरणात खर्चाची सर्वांत मोठी बाब मजुरीची होती. प्रत्यक्षात हीच बाब बहुतेक कुटुंबे धरत नाहीत. कारण केंद्रावर बसणारी व्यक्ती घरचीच असते आणि पुष्कळदा ती घरातील स्त्री असते. पहाटे तोडणी, सकाळी प्रतवारी, दिवसभर विक्री आणि रात्री स्वयंपाक. तिचे दहा-बारा तास फुकट धरले, तरच तोट्यातला धंदा नफ्यात दिसतो. तिची मजुरी वहीत लिहिली म्हणजे ती लगेच रोख द्यावी लागते असे नाही, परंतु निर्णय खरा होतो. त्या दिवशी केंद्र चालवावे की नाही, याचे उत्तर त्या आकड्याशिवाय मिळत नाही.

आणखी एक मुद्दा येथे लक्षात घेण्याजोगा आहे. सात-बारा उताऱ्यावर अनेकदा तिचे नाव नसते, त्यामुळे पीककर्जाच्या कागदपत्रांत तिचे श्रम दिसत नाहीत. विक्रीची रक्कम तिच्या नावाच्या खात्यात जमा होऊ लागली, तर हळूहळू तिची स्वतःची आर्थिक ओळख तयार होते. पुढे स्वतःच्या नावाने लहान कर्ज मागताना हे खाते उपयोगी पडते. १९९२ मध्ये नाबार्डने सुरू केलेल्या बचत गट-बँक जोडणी कार्यक्रमाचा अनुभवही हेच सांगतो की नियमित, लहान आणि नोंदलेले व्यवहार हे पतीचे उत्तम साधन असते.

बँकेची साथ

विक्रीकेंद्राचे खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवणे, हे पहिले पाऊल होय. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआय प्रणालीमुळे टोपलीशेजारी क्यूआर फलक ठेवून रक्कम थेट खात्यात घेता येते. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या अशा भरण्यांवरील विक्रेता-शुल्क शून्य ठेवण्यात आले आहे. रोख रक्कम मात्र आठवड्यातून ठरलेल्या दिवशी भरावी. खात्याचा उतारा आणि तीन रकान्यांची वही एकत्र पाहिली, की व्यवसायाचे चित्र शाखाधिकाऱ्यापुढे स्पष्ट उभे राहते.

कर्ज घेताना गरजेचे स्वरूप ओळखावे. करंड्या, पॅकिंग, वाहतूक अशा हंगामी खर्चाला खेळते भांडवल लागते. किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेत पीक उत्पादनासोबत काढणीपश्चात खर्चाचाही समावेश असतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ जानेवारी २०२५ पासून शेतकऱ्यांना २ लाख रुपयांपर्यंतचे कृषी कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. पक्के छप्पर, शीतकक्ष, वाहन यांसारख्या टिकाऊ वस्तूंसाठी मुदत कर्ज योग्य. त्याचे हप्ते फळांच्या हंगामाशी जुळवून घ्यावेत, म्हणजे जून महिन्यात रिकाम्या टोपलीसमोर हप्त्याची चिंता करावी लागत नाही. दोन्ही गरजा एकाच कर्जातून भागवू नयेत. हंगामी कर्जातून वाहन घेणारा शेतकरी पुढच्या हंगामात बियाण्यासाठी सावकाराकडे जातो.

शाखेतील कर्मचाऱ्यांनाही येथे काही करण्याजोगे आहे. अर्जदाराला ‘रोजची विक्री किती?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘रोज उरते किती आणि त्याचे काय करता?’ हाही प्रश्न विचारावा. ज्या अर्जदाराकडे या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत आहे, त्याचा व्यवसाय लहान असला तरी त्याच्या हातात आहे. ज्याच्याकडे ते नाही, त्याला कर्जाआधी वहीची गरज आहे, हे आपुलकीने समजावून सांगणे हीसुद्धा बँकेची सेवाच आहे.

रस्त्याकाठचे केंद्र कुटुंबाला श्रीमंत करील, असा दावा करता येणार नाही. ज्यांच्याकडे एक-दीड एकर बाग आहे, त्यांच्यासाठी मात्र हंगामात दिवसाकाठी पाचशेऐवजी हजार रुपयांचा लाभ ही मुलांच्या शिक्षणाची, औषधपाण्याची आणि कर्जफेडीची रक्कम असते. ती मिळविण्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. सकाळी मोजून माल आणावा, दिवसभर खरे वजन करावे आणि संध्याकाळी टोपलीत उरलेली फळे मोजून त्यांचा आकडा वहीत लिहावा. गल्ला मोजण्याची वेळ त्यानंतरची.